पुढचा संघ कुठे आहे?

मागील अंकात या सदरात ल्युसी ब्रॉन्झ या इंग्लंडच्या फुटबॉलपटूची ओळख करून देणारे एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यात तिच्या विजेतेपदांची यादी होती आणि बाराव्या वर्षी तिला मुलांच्या संघातून बाहेर पडावे लागले, असे एक वाक्य होते. यादीबद्दल फारसे कोणी विचारले नाही. त्या एका वाक्याने मात्र बरीच पत्रे आणली. खो-खो, कबड्डी आणि अर्थातच क्रिकेट यांत रमणाऱ्या मराठवाड्यातून एका इंग्रज बचावपटूविषयी इतकी विचारणा व्हावी, याचे मला आश्चर्य वाटले आणि आनंदही झाला. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी साडेअकरा वर्षांची आहे. घराजवळच्या मैदानावर ती तीन वर्षांपासून मुलांबरोबर फुटबॉल खेळते आणि त्यांतल्या बऱ्याच जणांपेक्षा चांगली खेळते, असे तिचे प्रशिक्षकच सांगतात. आता तेच म्हणतात की, पुढच्या वर्षीपासून तिला मुलांच्या संघात घेता येणार नाही. मुलींचा संघ त्यांच्याकडे नाही. सासूबाई म्हणतात, ‘बरं झालं, आपोआप सुटलं.’ ब्रॉन्झला संघ सोडावा लागल्यावर तिने पुढे काय केले, ते सविस्तर सांगाल का? (एक आई, परभणी)

उत्तर : ताई, आपल्या पत्रातला ‘आपोआप सुटलं’ हा शब्दप्रयोग मी दोनदा वाचला. शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून मी जी वर्षे काढली, त्यांत मुलींचा खेळ कोणी बंद केल्याचे मला क्वचितच आठवते. तो बहुतेक वेळा असा आपोआपच सुटत असे. सातवीची परीक्षा होई, शाळा बदले, नव्या शाळेत मैदान असे पण संघ नसे, आणि दिवाळीनंतर त्या मुलीचे बूट धाकट्या भावाच्या पायात दिसत.

ब्रॉन्झचा जन्म २८ ऑक्टोबर १९९१ रोजी बेरिक-अपॉन-ट्वीड येथे, म्हणजे इंग्लंडच्या अगदी उत्तर टोकाला, स्कॉटलंडच्या सीमेजवळ झाला. वडील पोर्तुगीज, आई इंग्रज. बालपणीचा काही काळ लिंडिसफार्न या बेटावर गेला, जिथला रस्ता भरतीच्या वेळी दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. पुढे कुटुंब अ‍ॅनिक या गावी आले. (या गावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन अक्षरे अशी आहेत की, ती उच्चारात कुठे जातात ते त्या गावालाच ठाऊक.) थोरल्या भावाच्या मागे मागे ती मैदानावर गेली आणि गावातल्या मुलांच्या संघात खेळू लागली. ती संघातल्या चांगल्या खेळाडूंपैकी होती, परंतु त्या काळी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनच्या नियमांनुसार ठरावीक वयानंतर मुला-मुलींना एका संघात खेळता येत नसे. त्यामुळे बाराव्या वर्षाच्या सुमारास तो संघ तिच्यासाठी संपला. अशा नियमाविरुद्ध एका शाळकरी मुलीने १९७८ मध्ये न्यायालयात दाद मागितली होती आणि ती हरली होती; म्हणजे हा प्रश्न ब्रॉन्झच्या जन्माच्याही आधीचा होता. गेल्या दीड दशकात ही वयोमर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवत १८ वर्षांपर्यंत नेण्यात आली, पण तोवर ब्रॉन्झचे बालपण सरले होते.

आता आपला खरा प्रश्न. तिने पुढे काय केले? ती मुलींच्या संघात गेली आणि मग संडरलँड या क्लबच्या मुलींच्या विभागात दाखल झाली. एवढेच. हे वाक्य फार साधे वाटते, पण माझ्या मते तिच्या सगळ्या कारकिर्दीतले सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच आहे. अ‍ॅनिकहून संडरलँड साधारण पाऊणशे किलोमीटर, म्हणजे आपण परभणीहून नांदेडला जावे, जवळजवळ तितके दूर आहे. तेथे मुलींचा चालता संघ होता, सराव होता, सामने होते, आणि तिला तेथवर पोहोचवणारे घर होते. कोळशाच्या खाणी आणि जहाजबांधणी यांवर जगलेल्या आणि ती दोन्ही बंद पडल्यावर खचलेल्या त्या भागातल्या या एका क्लबमधून स्टेफ हॉटन, जिल स्कॉट, जॉर्डन नॉब्ज, डेमी स्टोक्स, बेथ मीड आणि ब्रॉन्झ अशा इंग्लंडच्या कितीतरी खेळाडू वर आल्या. एकाच भागात एकाच पिढीत दैवी देणगी असलेल्या इतक्या मुली जन्माला आल्या, असे मानायचे की तेथे जाण्यासारखा एक संघ होता असे मानायचे, हे आपणच ठरवा.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर धाराशिवचे घ्या. सारिका काळे यांनी भारतीय महिला खो-खो संघाचे नेतृत्व केले आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळवला. त्या जिल्ह्यात मुलींच्या खो-खोची परंपरा आहे, म्हणजे चौदा वर्षांखालील संघातून बाहेर पडलेल्या मुलीला सतरा वर्षांखालील संघ दिसतो, आणि त्याच्या पुढचाही दिसतो. फुटबॉलमध्ये ही शिडी आपल्या बहुतेक तालुक्यांत नाही आणि जिथे आहे तिथे मधल्या पायऱ्या गळालेल्या आहेत.

म्हणून आपल्याला तीन गोष्टी सुचवतो, त्याही उपलब्ध परिस्थितीत करता येण्याजोग्या. शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात आणि मुलींचे गट वेगळे असतात. तेव्हा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन गेल्या वर्षी मुलींच्या फुटबॉलमध्ये कोणकोणत्या शाळांचे संघ उतरले होते, एवढी एकच माहिती मागावी. त्या शाळा हाच आपल्या मुलीचा पुढचा पत्ता होय. दुसरे, प्रशिक्षकांना असे विचारावे की, सामन्यात घेता येत नसेल तर सरावात घेता येईल का. सराव आणि अधिकृत सामना यांत फरक आहे आणि बरेच प्रशिक्षक हा फरक स्वतः बोलून दाखवत नाहीत, कोणी विचारले तर मात्र मान्य करतात. तिसरे, तिच्या वर्गातल्या चार-पाच मुली जमवता आल्या तर अर्ध्या मैदानावर, लहान गोलांवर, तीन-तीन जणींचा खेळ सुरू करता येतो. अकरा जणींची वाट पाहणाऱ्या शाळांमध्ये मुलींचा संघ कधीच उभा राहत नाही, हे मी माझ्या शाळेत स्वतःच्या चुकीतून शिकलो. पटावर अकरा नावे भरेपर्यंत मी दोन वर्षे थांबलो आणि तोवर आधी नाव दिलेल्या मुली दहावीत गेल्या.

सासूबाईंशी वाद घालण्याची गरज नाही. पुढचा संघ सापडला तर तो प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो, कारण मग मुलगी ‘मुलांत खेळते’ हा आक्षेपच राहत नाही.

प्रश्न : इंग्रजांनी जगाला फुटबॉल दिला असे आपण शिकवत आलो. मग त्यांच्या स्त्रिया या खेळात इतक्या उशिरा का आल्या? (एक निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई)

उत्तर : गुरुजी, त्या उशिरा आल्या नाहीत, लवकर आल्या आणि त्यांना बाहेर काढण्यात आले. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले तेव्हा दारूगोळ्याच्या कारखान्यांत स्त्रिया कामाला लागल्या आणि मधल्या सुट्टीत फुटबॉल खेळू लागल्या. प्रेस्टन येथील ‘डिक, कर’ या कारखान्याचा महिला संघ त्यांत सर्वांत गाजला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर या संघाचा सामना पाहण्यासाठी सुमारे ५३,००० प्रेक्षक आले आणि आत जागा न मिळाल्याने हजारो लोक बाहेरून परतले. त्या संघात लिली पार ही जेमतेम पंधरा वर्षांची, उंचनिंच डावी विंगर, म्हणजे डाव्या कडेने चढाई करणारी खेळाडू होती. तिच्या फटक्याच्या ताकदीच्या कथा आजही सांगितल्या जातात. त्यांतल्या काही कथा वाढवून सांगितलेल्या असाव्यात, परंतु इतकी वर्षे ज्यांच्या कथा वाढत जातात, असे खेळाडू थोडेच असतात.

या सामन्यांचे उत्पन्न बहुतांशी धर्मादाय कामाला जात असे. तरीही ५ डिसेंबर १९२१ रोजी फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की, हा खेळ स्त्रियांना योग्य नाही आणि संलग्न क्लबांनी त्यांना आपली मैदाने देऊ नयेत. ठरावाची मेख लक्षात घ्यावी. स्त्रियांनी खेळू नये असा हुकूम काढण्याचा अधिकार असोसिएशनला नव्हता. तिच्या हातात मैदाने होती आणि तिने ती काढून घेतली. लिली पार आणि तिच्या सहकारी रग्बीच्या मैदानांवर, उद्यानांत खेळत राहिल्या. पार १९५१ पर्यंत खेळली आणि पोटासाठी मनोरुग्णालयात परिचारिकेचे काम करीत राहिली. ही बंदी उठायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाच्या सन्मान-दालनात २००२ मध्ये तिचे नाव घेतले गेले, तेव्हा तिला जाऊन चोवीस वर्षे झाली होती.

बंदी उठल्यानंतरही असोसिएशनने महिला फुटबॉलची जबाबदारी स्वतःकडे घेतली ती १९९३ मध्ये, महिलांची सुपर लीग सुरू झाली २०११ मध्ये, आणि ती पूर्णवेळ व्यावसायिक झाली २०१८ मध्ये. ब्रॉन्झ या तारखांच्या बरोबर मधे वाढली, हे ध्यानात ठेवले तर पुढच्या पत्रातला प्रश्न समजायला सोपा जातो.

प्रश्न : ब्रॉन्झ पिझ्झाच्या दुकानात काम करून फुटबॉल खेळली, असा संदेश आमच्या गटावर फिरत आहे. हे खरे आहे का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : खरे आहे. लीड्स येथे महाविद्यालयीन शिक्षण चालू असताना तिने पिझ्झाच्या दुकानात आणि बारमध्येही काम केले. त्याच सुमारास ती एव्हर्टनकडून देशातल्या सर्वोच्च पातळीवर खेळत होती. मात्र अशा संदेशांतून गरिबीचे जे काव्य रचले जाते त्याविषयी मी साशंक असतो. पिझ्झाने तिला मोठे केले नाही. लीगमध्ये पैसा नव्हता म्हणून तिला ते काम करावे लागले. तेच काम करणाऱ्या आणि गुडघा गेल्यावर खेळ सोडून देणाऱ्या तिच्या बरोबरीच्या मुलींविषयी संदेश फिरत नाहीत. ब्रॉन्झच्याही गुडघ्यावर ऐन उमेदीच्या वयात एकाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या होत्या, तेव्हा तीही त्यांतलीच एक ठरू शकली असती.

प्रश्न : मी विद्यापीठाच्या संघात राइट बॅक, म्हणजे उजव्या कडेची बचावपटू म्हणून खेळते. आमच्याकडे जिला पुढे खेळता येत नाही तिला तिथे उभी करतात. ब्रॉन्झ तर राइट बॅक असूनही जगातली सर्वोत्तम खेळाडू ठरली. तिच्या खेळात नेमके काय आहे? (एक विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : आपल्या पत्रातला दुसरा विधानवजा भाग दुर्दैवाने खरा आहे आणि तो नांदेडपुरता मर्यादित नाही.

ब्रॉन्झ पहिल्यापासून राइट बॅक नव्हती. ती मध्यभागी बचावात खेळली आहे, मधल्या फळीतही खेळली आहे, आणि पुढे फिल नेव्हिल हे इंग्लंडचे प्रशिक्षक असताना त्यांनी तिला मधल्या फळीत उतरवून पाहिले. या फिरतीचा तिला फायदा झाला असे मला वाटते, कारण बाजूच्या रेषेवर असतानाही मैदानाच्या मध्यभागी काय चालले आहे याची तिची जाण कायम राहिली. बहुतेक राइट बॅक चेंडू मिळाला की रेषेला धरून धावतात. ती कधी रेषेने जाते, कधी आत वळते, आणि समोरच्या खेळाडूला ती कुठे जाणार याचा अंदाज शेवटपर्यंत येत नाही. त्याला जोड आहे ती वेगाची आणि अंगातल्या ताकदीची. तिच्या पूर्ण नावात ‘टफ’ असा एक शब्द खरोखरच आहे. ते तिच्या आईकडचे आडनाव आहे. योगायोग इतका सोयीचा आहे की, इंग्लंडच्या पत्रकारांनी त्यावर किती कोट्या केल्या असतील याची कल्पना करावी.

तीन गोल पाहून घ्या. आंतरजालावर ते सहज मिळतात. २०१५ च्या कॅनडातील विश्वचषकात नॉर्वेविरुद्ध तिने पेटीच्या, म्हणजे गोलासमोर आखलेल्या चौकटीच्या कडेवरून मारलेला विजयी गोल. २०१९ मध्ये फ्रान्समध्ये, पुन्हा नॉर्वेविरुद्ध, फ्री किकवरून मागे दिलेल्या चेंडूवर मारलेला सणसणीत गोल. आणि २०१८ च्या चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातील अव्वल क्लबांच्या स्पर्धेच्या, उपान्त्य सामन्यात लियॉनकडून खेळताना मँचेस्टर सिटीविरुद्ध हवेतच मारलेला गोल, जो त्या सामन्यातला एकमेव गोल होता. तिन्ही वेळा ती बचावपटू असून पेटीजवळ काय करीत होती, हा प्रश्न स्वतःला विचारा, आणि मग मागे जाऊन ती केव्हा निघाली ते पाहा. ती पळते त्याआधी तिने तिची जागा कोण सांभाळणार हे पाहिलेले असते. २०१९ च्या विश्वचषकात तिला स्पर्धेतील दुसऱ्या क्रमांकाची खेळाडू म्हणून रौप्य बॉल मिळाला, त्याच वर्षी युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला, आणि २०२० मध्ये फिफाचा सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मिळाला. बचावपटूंना असे पुरस्कार सहसा मिळत नाहीत. गोल करणाऱ्यांना मिळतात.

पण शिकायचे असेल तर तिची चूक पाहा. २० ऑगस्ट २०२३ रोजी सिडनीत विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ती चेंडू घेऊन आत, मध्यभागी घुसली आणि तिथे स्पेनच्या खेळाडूंनी तिला घेरून चेंडू काढून घेतला. स्पेनने तो लगेच दुसऱ्या बाजूला, म्हणजे तिने मोकळ्या सोडलेल्या जागेत फिरवला आणि ओल्गा कार्मोनाने गोल केला. सामना १-० असाच संपला. आपण खो-खो खेळलाच असाल. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की मागे वळता येत नाही आणि पळणारा नेमका त्या मागच्या जागेत शिरतो. राइट बॅकचे तसेच आहे. जिने शेकडो वेळा बरोबर वेळी दिशा घेतली, तिची एक वेळ चुकली, आणि ती जगाने पाहिली. त्यानंतरही तिने आत घुसणे सोडले नाही. ते बरोबर होते असे मला वाटते. ते सोडले असते तर उरलेली ब्रॉन्झ ही कोणत्याही संघातली राइट बॅक झाली असती.

प्रश्न : तिने इतके क्लब बदलले. हे निष्ठेत बसते का? (एक व्यापारी, सेलू)

उत्तर : संडरलँड, मग अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ, मग एव्हर्टन, लिव्हरपूल, मँचेस्टर सिटी, फ्रान्समधील लियॉन, पुन्हा मँचेस्टर सिटी, स्पेनमधील बार्सिलोना आणि २०२४ पासून चेल्सी. यादी मोठी आहे हे मान्य. पण प्रत्येक टप्प्यावर ती जिथे खेळ अधिक चांगला होता तिथे गेली, असे दिसते. लिव्हरपूलबरोबर तिने २०१३ आणि २०१४ मध्ये लीग जिंकली, सिटीबरोबर २०१६ मध्ये. लियॉन हा त्या वेळी जगातला सर्वांत बलाढ्य महिला संघ होता आणि तिथे तिने २०१८, २०१९ आणि २०२० अशी लागोपाठ तीन वर्षे चॅम्पियन्स लीग जिंकली. बार्सिलोनाबरोबर २०२३ आणि २०२४ मध्ये आणखी दोन. यांतल्या शेवटच्या अंतिम सामन्यात तिने आपल्याच जुन्या लियॉनला हरवले, आणि पुढच्या वर्षी चेल्सीकडून खेळताना जुन्या बार्सिलोनाने तिच्या संघाला दोन्ही सामन्यांत ४-१ असे हरवले. हिशेब चुकता होतो. व्यापाऱ्याला ते वेगळे सांगायला नको. चेल्सीने त्याच हंगामात इंग्लंडमधली तिन्ही मोठी विजेतेपदे मिळवली आणि लीगमध्ये एकही सामना गमावला नाही, हे जमेच्या बाजूला लिहावे.

प्रश्न : २०२५ च्या युरोपीय स्पर्धेत ती पायाचे हाड मोडलेले असताना संपूर्ण स्पर्धा खेळली, असे वाचले. मी शाळेत मुलींना हे उदाहरण सांगू का? (एक क्रीडाशिक्षक, बीड जिल्हा)

उत्तर : माझे स्पष्ट मत : सांगू नये, किंवा सांगितलेच तर अर्धवट सांगू नये.

घडले ते असे. तिच्या नडगीच्या हाडाला स्पर्धेआधीच तडा गेलेला होता आणि ही गोष्ट तिने २७ जुलै २०२५ रोजी बाझल येथे इंग्लंडने स्पेनला पेनल्टींवर हरवून विजेतेपद राखल्यानंतर उघड केली. दरम्यान उपान्त्यपूर्व फेरीत स्वीडनविरुद्ध संघ ०-२ असा मागे असताना शेवटच्या काही मिनिटांत पहिला गोल तिनेच हेडरने केला, मांडीला पट्टी स्वतःच गुंडाळत ती खेळत राहिली, आणि पेनल्टींची वेळ आली तेव्हा निर्णायक ठरलेली सातवी पेनल्टीही तिनेच जोरात जाळ्यात मारली. त्या दिवशी दोन्ही संघांनी मिळून मारलेल्या चौदा पेनल्टींपैकी फक्त पाच आत गेल्या. हे सगळे ऐकताना अंगावर काटा येतो, माझ्याही आला.

पण ती तेहतीस वर्षांची व्यावसायिक खेळाडू होती. दुखापत काय आहे हे तिला माहीत होते, संघासोबत डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट होते, आणि निर्णय तिचा होता. आपल्या शाळेतल्या तेरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत यांतले काहीही नसते. तिथे आंबेहळदीचा लेप असतो, वर क्रेप बँडेज असते आणि ‘थोडं सहन कर’ म्हणणारे आपण असतो. जिल्हास्तरीय सामन्यात घोटा सुजलेल्या एका मुलीला मी स्वतः दुसऱ्या सत्रात उतरवले होते. तिने नाही म्हटले नाही. त्या वयात शिक्षकाला नाही म्हणता येत नाही. आम्ही तो सामना जिंकलो. ती पुढच्या वर्षी खेळली नाही, आणि त्याच्या पुढच्याही नाही. सामना कोणाविरुद्ध होता हे आज मला आठवावे लागते, तो घोटा आठवावा लागत नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळे यांचे उदाहरण सांगा. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्यांनी रौप्यपदक मिळवले. मुलींना सहनशक्ती शिकवायची तर ती त्यातून शिकवता येते आणि त्यासाठी मोडके हाड लागत नाही.

प्रश्न : सर, मी नववीत आहे. मला फुटबॉल आवडतो पण मी फार बोलत नाही. घरी मला घुमी म्हणतात. मागच्या टिपणात ब्रॉन्झसुद्धा लहानपणी बोलत नव्हती असे होते. संघात आले तर बोलावेच लागते का? (एक विद्यार्थिनी, वसमत तालुका)

उत्तर : बाळ, तुझे पत्र छान आहे आणि त्यात एकही शब्द जास्तीचा नाही.

हो, ब्रॉन्झ लहानपणी फार बुजरी होती. लोकांच्या नजरेला नजर देणे, कोणी मिठी मारली तर ती स्वीकारणे, तिला अवघड जात असे. २०२१ मध्ये, म्हणजे ती जगातली सर्वोत्तम खेळाडू ठरल्यानंतर, डॉक्टरांच्या तपासणीत तिला ऑटिझम (स्वमग्नता) आणि एडीएचडी (लक्ष एकाग्र करण्यात अडचण आणि अतिचंचलता) असल्याचे निदान झाले, आणि २०२५ च्या मार्च महिन्यात तिने ते जाहीरपणे सांगितले. एकाच गोष्टीत तासन्‌तास मन लावण्याची तिची वृत्ती फुटबॉलमध्ये कामाला आली, असे ती सांगते. याचा अर्थ कमी बोलणाऱ्या प्रत्येक मुलीला असे काही असते असा मुळीच नाही. पुष्कळ माणसे कमी बोलतात आणि त्यांना काही झालेले नसते. तुला शाळेतही फार त्रास होत असेल, तर मात्र आईला किंवा एखाद्या विश्वासाच्या बाईंना नक्की सांग.

आता तुझा प्रश्न. मैदानावर बोलावे लागते, पण गप्पा माराव्या लागत नाहीत. फुटबॉलमध्ये लागणारे बोलणे फार थोडे असते आणि ते पाठ करता येते. मैत्रिणीच्या मागून कोणी येत असेल तर ‘मॅन ऑन’, तिच्याकडे वेळ असेल तर ‘टाइम’, चेंडू तू घेणार असशील तर ‘माझा’, आणि तिने सोडावा असे वाटत असेल तर ‘सोड’. एवढे चार शब्द. सुरुवातीला एकच घे, ‘माझा’, कारण तो स्वतःविषयी आहे आणि त्यात दुसऱ्याला सूचना द्यावी लागत नाही. घरामागे भिंतीवर चेंडू मारताना तो परत आला की, प्रत्येक वेळी मोठ्याने म्हण. भिंत काही म्हणणार नाही. आठ-दहा दिवसांनी तो शब्द आपोआप तोंडात बसेल. मग तुमच्या शिक्षकांना सांग की, तुला बचावात, कडेला खेळायचे आहे. तिथून सगळे मैदान समोर दिसते आणि ‘मॅन ऑन’ म्हणायची पाळी वारंवार येते. तुमच्या शाळेत मुलींचा संघ नसेल तर पुढच्या पत्रात तुझ्या शाळेचे नाव कळव. वसमतच्या आसपास कोणत्या शाळेतल्या मुली खेळतात ते मी विचारून ठेवतो.